हात सगळ्यात शेवटी

जयपुरात पाऊस बेताचा, हवा कोरडी, मग इथे लोखंडाला गंज लागतोच कशाला, असं आपल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांनी मला विचारून झालं आहे. गणपतीत आरतीनंतर प्रसाद घेता घेता कुणीतरी हमखास विचारतं, "तुमचं नक्की काम काय हो?" मी सांगतो, ट्रकला गंज लागू नये म्हणून खालून रंग मारतो. "म्हणजे पेंटर!" मी हो म्हणतो, कारण मागे प्रसादाची रांग खोळंबलेली असते. यंदा मंडळाच्या अंकाच्या संपादक ताई म्हणाल्या, "आता तेच सगळं नीट लिहून द्या." मी म्हटलं, ताई, माझं शिक्षण नववी, तेही अर्धी. त्या म्हणाल्या, "ऱ्हस्व-दीर्घ मी बघते, तुम्ही गंज बघा." त्यांचे आभार मानून सुरुवात करतो. लिहिताना धाकधूक होतेच आहे, पण ती मला गाडीखाली जातानाही होते.

तर गंज. जयपूरपासून सांभरचं तळं काही फार लांब नाही. तिकडून मीठ भरून ट्रक निघतात ते आमच्या ट्रान्सपोर्ट नगरवरून पुढे देशभर जातात. मीठ ओलं असतं. ताडपत्री घातली तरी फळ्यांच्या फटींतून खारं पाणी खाली झिरपतं आणि सरळ चासीवर येतं. चासी म्हणजे ट्रकचा सांगाडा. पुढून मागेपर्यंत दोन लांब लोखंडी गर्डर, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, आणि या सांगाड्यावर केबिन, इंजिन, माल, सगळा डोलारा. समुद्र आपल्यापासून कितीही दूर असू दे, मिठाच्या गाडीखाली रोज समुद्र असतो.

मी मूळचा वाशीम जिल्ह्यातला. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, त्याची कारणं इथे मावायची नाहीत. माझी थोरली बहीण आणि भाऊजी तेव्हा बदली होऊन जयपूरला आले होते, भाऊजी रेल्वेत. त्यांनी मला बोलावून घेतलं, क्वार्टरच्या व्हरांड्यात माझी गादी टाकली आणि एके दिवशी सायकलवर डबलसीट घेऊन ट्रान्सपोर्ट नगरला गफ्फार उस्तादांकडे नेलं. त्यांची पत्र्याची शेड होती, आत गाडी उभी करायला जागा आणि मधोमध खड्डा. उस्तादांनी शिक्षण विचारलं नाही. एवढंच विचारलं, "गाडीखाली जायची भीती वाटते?"

खोटं बोलायचं सुचलं नाही. "वाटते," मी म्हटलं.

"मग रहा. ज्याला वाटत नाही तो जॅक नीट लावत नाही."

माझ्या घाबरटपणाला आयुष्यात मिळालेली ती पहिली शाबासकी. भाऊजींचे आणि उस्तादांचे उपकार मी कशानं फेडणार आहे, मला माहीत नाही. शेडमध्ये मला सगळे 'बंबई' म्हणायचे, अजून म्हणतात. मी मुंबई आजवर पाहिलेली नाही. पहिल्या आठवड्यात सांगून बघितलं, की वाशीम कुठे, मुंबई कुठे. उस्ताद म्हणाले, "बेटा, इथून बघितलं तर सगळं एकाच बाजूला आहे."

आता काम सांगतो. लोकांना वाटतं, काळा रंग फासला की झालं. रंग हे शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम. आधी गाडी धुवायची. तीही गोड्या पाण्यानं. आमच्या बोअरचं पाणी खारं, त्यानं मिठाची गाडी धुणं म्हणजे चिखलानं चिखल धुणं. म्हणून टँकर मागवायचा. गाडी धुऊन वाळली की गर्डरच्या आतल्या बाजूनं बोट फिरवायचं आणि जिभेला लावायचं. खारट लागलं, की पुन्हा धुवायची. ऐकणाऱ्याला किळस येते, मला ठाऊक आहे. माझी बायको लग्नानंतर पहिल्यांदा डबा घेऊन शेडवर आली तेव्हा मी नेमका गर्डरवरून फिरवलेलं बोट चाटत होतो. तिनं डबा ठेवला आणि निघून गेली. घरी आल्यावर म्हणाली, "जेवणात मीठ कमी पडतं का तुम्हाला?"

पाणी निघून जायला गाडीला ठिकठिकाणी भोकं ठेवलेली असतात, दरवाज्यांच्या तळाला वगैरे. आमच्याकडचे ड्रायव्हर ती चिंध्या कोंबून बंद करतात. का, तर धूळ आत येते. त्यांचं खोटं नाही, वैशाखात इकडची धूळ दातांतही येते. पण धुळीसाठी बंद केलेल्या भोकात मिठाचं पाणी अडकतं आणि दरवाजा आतून खायला लागतं. त्या चिंध्या तारेनं ओढून काढणं हे आमचं दुसरं काम. तऱ्हेतऱ्हेचं कापड निघतं. एकदा एका दरवाज्यातून अख्खी पायजम्याची नाडी निघाली, आणि मालक "हीच शोधत होतो" म्हणून ती घेऊन गेला.

मग खरवडायचं. पत्री म्हणजे खरवडायची धारदार पट्टी, वायर ब्रश, छोटी हातोडी. हातोडीनं ठोकत जायचं आणि ऐकत जायचं. चांगलं लोखंड खणखणीत बोलतं, कुजलेलं भद्द वाजतं. फुगलेले पापुद्रे निघून लोखंड पांढरं दिसायला लागलं, की त्यावर लाल ऑक्साइडचं अस्तर, ते सुकलं की काळा रंग. पांढऱ्या लोखंडाला उघडा हात लावायचा नाही, ही उस्तादांची सक्त ताकीद. माणसाच्या तळहाताला घाम असतो आणि घामात मीठ. सकाळी हात लावा, काही दिवसांनी त्या जागी तुमच्या बोटांचा लाल ठसा उगवतो.

गोष्ट सांगायची आहे ती हाताचीच.

कजोडजी म्हणून एक गाडीवाला. सांभरकडच्या एका गावचा, एकच ट्रक, मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच. पावसाळ्यात मिठाचं काम बंद पडलं, की दरवर्षी गाडी आमच्याकडे आणायचा. आडदांड माणूस, बोलला की शेडचा पत्रा वाजावा. आल्या आल्या ओरडायचा, "ओ बंबई! समुद्र लेके आया हूँ!"

त्याच्या चासीवर, ड्रायव्हरच्या बाजूच्या गर्डरवर, केबिनच्या जरा मागे एक हात उमटलेला होता. उजवा हात, पाची बोटं पसरलेली, तेलात कालवलेल्या कुंकवाचा. इकडे लग्नाकार्यात, नव्या वस्तूवर बायका असा थापा उमटवतात. ट्रक नवा घेतला की नुसती चासी मिळते. ना केबिन, ना दरवाजे, बॉडी नंतर बांधतात. कजोडजीनं तशीच उघडी चासी आधी गावी नेली, आईच्या पायाशी घालायला. आई कुंकू कालवून बाहेर आली. थापा उमटवायला जागाच नव्हती, सगळी हाडंच. म्हणून तिनं तो गर्डरवर उमटवला. नंतर बॉडी बांधून झाली, पण हात तिथेच राहिला. गाडीचा कधी अपघात झाला नाही, घर त्या गाडीवर उभं राहिलं. कजोडजी रोज सकाळी वाकून त्या हाताला हात लावायचा आणि मग चावी फिरवायचा.

उस्ताद त्या हाताचा मान ठेवायचे. सगळा गर्डर खरवडायचा, हात आला की थांबायचं. बारीक ब्रशनं बोटाबोटांमधून रंग फिरवायचा, आणि हातावर नुसतं पारदर्शक वॉर्निश. एवढा एक वीतभर तुकडा सोडून बाकी चासी दरवर्षी नवी व्हायची.

पुढे उस्तादांचे गुडघे गेले. ते शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले आणि खड्ड्यात मी उतरायला लागलो. त्या पावसाळ्यात कजोडजीची गाडी आली. मी नेहमीसारखं ठोकत ठोकत निघालो. खण, खण, खण, आणि हाताजवळ भद्द. पुन्हा ठोकलं. पुन्हा भद्द. गर्डरच्या आतल्या बाजूनं बॅटरी मारून पाहिलं तर तिथलं लोखंड फुगून आलेलं. वॉर्निशच्या कडेनं मिठाचं पाणी आत शिरत होतं, आणि वर वॉर्निश असल्यानं बाहेर पडत नव्हतं. हात वरून जसाच्या तसा लाल, आणि खाली काय शिल्लक आहे ते खरवडल्याशिवाय कळणार नव्हतं. जागाही अशी, की मागच्या सगळ्या मिठाचा भार तिथे येतो. भरल्या गाडीत तिथे गर्डर मोडला तर केबिन एकीकडे आणि मीठ दुसरीकडे.

मी वर येऊन कजोडजीला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "यो म्हारी मां को हाथ छै." हा माझ्या आईचा हात आहे. "बाकी सगळं खरवड. हात नाही."

"कजोडजी, खालून कुजलंय."

"इतकी वर्षं उस्तादजींना दिसलं नाही, तुला दिसलं?"

हे उस्तादांसमोरच. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खुर्चीतून उठले, गुडघ्यांवर हात देत खड्ड्याच्या कडेला आले आणि म्हणाले, "ठोक, मी ऐकतो." मी ठोकलं. ते तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "कजोड, मुलगा बरोबर बोलतोय."

"मग वरून काळा मारा अन् सोडा! माझी गाडी, माझा जीव!"

माझा स्वभाव तुम्हाला कळलाच असेल. गिऱ्हाइकाचा आवाज चढला की मी लगेच हो म्हणून मोकळा होतो. परक्या गावात हात जोडून राहायचं, कुणाला दुखवायचं नाही, हे मी व्हरांड्यातल्या गादीवर असल्यापासून पाळत आलो. पण त्या दिवशी मला ती गाडी अजमेर रोडच्या उतारावर दिसत होती. मी म्हटलं, "काळा नाही मारणार. मी काळा मारला, की तुम्ही म्हणणार बंबईनं केलंय, गाडी ठणठणीत आहे."

कजोडजीनं खांद्यावरचा गमछा झटकला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन पाठ करून बसला. उस्ताद मला हळूच म्हणाले, "चहा घेऊन जा त्याच्यासाठी." "तो टपरीवरच बसलाय, उस्तादजी." "मग नुसताच जा."

गेलो. शेजारी बसलो.  मी म्हटलं, "आई आहे ना तुमची? दुसरा थापा घ्या. आधीपेक्षा चांगला करून देतो."

तो माझ्याकडे वळला. एवढा मोठा माणूस, आवाज एकदम खाली आलेला. म्हणाला, "होळीनंतर तिला लकवा मारला. उजवा हात उचलत नाही. तो हात आता फक्त गाडीवर आहे."

पुढे त्यानं तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. वैद्य झाले, दवाखाना झाला. आई बोलते, भांडते, पण उजवा हात मांडीवर पडून असतो. रोज सकाळी गाडीवरच्या हाताला हात लावताना त्याला वाटायचं, हा जोवर आहे तोवर ती आहे. तो हात आपणच खरवडायला कसा सांगायचा? आणि आईला सांगायचं काय, की तुझा हात काढून टाकतोय?

 माझी आई वाशीमला, मी इथे. रविवारी फोन करतो, ती बरी आहे म्हणते, आणि तिनं बरी म्हटलं की माझी काळजी दुप्पट होते. मी एवढंच म्हटलं, "मी विचारू का त्यांना?"

त्यानं नंबर लावून फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः उठून चार पावलं लांब गेला. मी हिंदीत सगळं सांगितलं. गाडी, गर्डर, गंज, थापा.  पलीकडून म्हातारीचा खणखणीत आवाज आला. तिचं बोलणं मराठीत लिहितो.

"कुठला थापा?"

तिच्या लक्षातच नव्हतं! मी पुन्हा सांगितलं. तेव्हा म्हणाली, "हां, तो होय. अरे, तेव्हा त्या गाडीला धड तोंडसुद्धा नव्हतं, म्हणून जिथे जमलं तिथे लावला. तो अजून ठेवलाय यानं?" मग म्हणाली, "खरवड. आणि त्याला सांग, मला न्यायला ये. तो थापा जपत बसलाय, आणि मी इथे खाटेवर पडून कंटाळले आहे."

कजोडजी त्याच दुपारी आईला आणायला गेला. जाताना म्हणाला, "मी नसताना काढ."

मी वॉर्निश उचकटलं तसा हात पापुद्र्यासकट निघाला, तळहात आणि बोटं वेगवेगळी. मी ते तुकडे कागदात गुंडाळून ठेवले. टाकवेना. खाली रिव्हेटच्या भोकापासून एक बारीक चीर निघालेली होती. उस्तादांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून पुसून पाहिली. "या मोसमात चासी मोडली असती," म्हणाले. मग आमच्या शेजारच्या वेल्डरनं चिरेच्या टोकाला भोक पाडून तिला तिथे थांबवलं, चीर भरली, वरून जाड पट्टी बोल्टनं कसली. मी पुन्हा सगळं घासून लोखंड पांढरं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कजोडजीच्या आई, म्हणजे सगळ्यांच्या माँजी, मी माजी म्हणायचो, त्या सुनेला घेऊन आल्या. कजोडजीनं त्यांना टेम्पोतून उचलूनच उतरवलं. लहानखुरी बाई, पिवळी ओढणी, उजवा हात पदरात गुंडाळलेला. आल्या आल्या उस्तादांना म्हणाल्या, "तुम्हीपण गुडघे घेऊन बसलात का?" मग गाडीजवळ नेल्यावर जागा बघितली, पदरातून कुंकवाची वाटी काढून सुनेकडे दिली, आणि डावा हात तेला-कुंकवात बुडवला.

"मां, डावा?" कजोडजी म्हणाला. "शुभाच्या कामाला डावा?"

"तुला पाजताना डावं-उजवं बघितलं होतं का मी?"

आणि त्यांनी हात पुढे केला, सरळ पांढऱ्या लोखंडावर. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. "माजी, थांबा!"

सगळी शेड माझ्याकडे बघायला लागली. मी कसंबसं सांगितलं, की उघड्या लोखंडावर हात नको. घाम, तेल, कुंकू, सगळं खालून खाणार. आधी लाल, मग काळा, तो सुकला की मग हात. "हात सगळ्यात शेवटी, माजी."

"किती वेळ?"

"आज लाल, उद्या काळा. परवा सकाळी."

"परवा!" कुंकवाचा हात तसाच हवेत धरून त्या म्हणाल्या. मग मुलाला म्हणाल्या, "ऐक. असं काम पाहिजे. आपण घाई केली होती."

त्यांना पुन्हा टेम्पोतून सांभरला पाठवणं शक्य नव्हतं. मी त्यांना आणि सुनेला घरी घेऊन गेलो. माझ्या बायकोनं ज्वारीची भाकरी आणि पिठलं केलं. माजींनी डाव्या हातानं खाल्लं आणि म्हणाल्या, "हे तर आमचंच आहे, नाव फक्त वेगळं सांगताय तुम्ही." दोन दिवस आमच्या घरात मारवाडी, वऱ्हाडी आणि हिंदी यांची खिचडी चालली होती. माझ्या मुलीला मराठी बोलताना अडखळायला होतं, पण माजींशी ती जी काय भाषा बोलली ती अखंड बोलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी काळा रंग बोटाच्या पेरानं तपासला. सुकला होता. माजींनी डावा हात उमटवला. कजोडजी वाकला आणि आधी हाताला नाही, आईच्या पायाला लागला. मग चावी फिरवली.

कागदातले जुन्या हाताचे तुकडे मी त्याला देऊ केले. तो म्हणाला, "गंज आहे. टाक."

त्यानंतर दर पावसाळ्यात माजी यायच्या. जुना हात खरवडायचा, रंग चढवायचा, नवा हात घ्यायचा, तोही डावाच. मुक्काम आमच्याकडे. रंग सुकेपर्यंत त्या शेडमध्ये खाटेवर बसून इतर गाडीवाल्यांना आपल्या गाडीचं उदाहरण द्यायच्या. त्यांच्यामुळे आमच्याकडे येणारे बरेच जण आता नव्या चासीला आधी रंग मारून घेतात आणि मग पूजा करतात. चार गाड्यांच्या दरवाज्यांतल्या चिंध्याही त्यांनी बसल्याबसल्या काढायला लावल्या. ते मला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात कजोडजी आला तो डोक्याचे केस काढलेला. समुद्र लेके आया हूँ म्हणाला नाही. मला कळलं. उस्तादांनी खुर्चीतून नुसता हात वर केला.

गाडी धुतली. मी मुद्दाम मागच्या टोकाकडून खरवडायला सुरुवात केली. टायरजवळ उगीच वेळ काढला. मधला आडवा तुकडा दोनदा घासला. केबिनच्या मागे यायचं टाळत होतो, हे माझं मलाही कळत होतं आणि त्यालाही. शेवटी तो स्वतःच खाली उतरला, माझ्या हातातली पत्री घेतली आणि त्या जागेवर गेला. क्षणभर आपला पंजा त्या डाव्या हातावर ठेवला. मग खरवडायला लागला. नवखा माणूस तिरकी पत्री धरतो, तशी धरली नाही. इतकी वर्षं बघत होता ना. बोटं गेली, तळहात गेला, लोखंड पांढरं झालं. गंजाचा एक ठिपका नव्हता. हातोडीनं ठोकलं. खण.

मग त्यानं गर्डरच्या आतून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ नाही," म्हणाला. "लाव लाल."

मी लावलं. दुसऱ्या दिवशी काळा चढवला. त्याची बायको कुंकवाची वाटी मांडीवर घेऊन माजींच्या खाटेवर बसली होती. थोड्या थोड्या वेळानं विचारायची, "भाईजी, सुकला?"

आणि मी गाडीखालून सांगत होतो, "अजून नाही, भाभी. बसा निवांत. हात सगळ्यात शेवटी."